मायकेल स्ट्रँक

सार्जंट मायकेल स्ट्रँक (जन्म : १० नोव्हेंबर १९१९, याराबिना, स्लोव्हाकिया, मृत्यू : १ मार्च १९४५, इवो जिमा, जपान) हे अमेरिकेच्या मरीन कोरमधील सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावरील सुरिबाची पर्वतावर अमेरिकेचा ध्वज उभारणाऱ्या सहा जणांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्या सहांचे नेतृत्व स्ट्रँक यांच्याकडे होते. ध्वज उभारल्यानंतर सहाव्या दिवशी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते याच बेटावर मारले गेले.

बालपण

स्ट्रँक यांचे कुटुंब रुसिन होते. रुसिन हा कार्पेथियन पर्वतराजीच्या परिसरात राहणारा एक लहान स्लाव्ह समाज होय. त्यांचे जन्मगाव याराबिना हे आजच्या स्लोव्हाकियाच्या ईशान्य भागात असून, त्या वेळी ते नव्यानेच स्थापन झालेल्या चेकोस्लोव्हाकियात होते. वडील वासिल हे आधी एकटेच अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनिया राज्यात, जॉन्सटाउन शहरालगतच्या फ्रँकलिन या वस्तीत राहून त्यांनी कोळशाच्या खाणीत काम धरले. प्रवासखर्चापुरते पैसे जमल्यावर त्यांनी १९२२ मध्ये पत्नी मार्था आणि लहानग्या मायकेलला बोलावून घेतले. पुढे दोन भाऊ आणि एक बहीण यांचा जन्म अमेरिकेतच झाला.

जॉन्सटाउनचा परिसर त्या काळी कोळसा आणि पोलाद यांवरच जगत होता. पोलादाच्या भट्ट्यांना कोळसा हवा असे आणि खाणीत उतरण्यासाठी पूर्व युरोपातून येणारे मजूर मिळत. अशा घरांतील मुलांनी शाळा संपताच, किंवा त्याआधीच, वडिलांच्या मागोमाग खाणीत अथवा कारखान्यात जावे, हा शिरस्ता होता. मायकेल यांनी १९३७ मध्ये माध्यमिक शिक्षण पूर्ण केले, ते जागतिक मंदीच्या वर्षांत. मंदीतील बेकार तरुणांसाठी सरकारने चालविलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर’ या योजनेत त्यांनी सुमारे दीड वर्ष काम केले. त्यानंतर काही काळ ते रस्त्याच्या कामावर मजूर होते. ६ ऑक्टोबर १९३९ रोजी ते मरीन कोरमध्ये भरती झाले. युरोपात युद्धाला तोंड फुटून तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि अमेरिका त्यात उतरलेली नव्हती. खाणीची वाट टाळू पाहणाऱ्या तरुणाला सैन्य हा एक मार्ग होता, एवढे मात्र त्या काळाकडे पाहून म्हणता येते.

पॅसिफिकमधील युद्ध

१९४२ च्या प्रारंभी त्यांना सार्जंटची श्रेणी मिळाली. पुढे त्यांची निवड ‘रेडर’ या छापामार दलात झाली आणि नोव्हेंबर १९४३ पासून त्यांनी बूगनव्हिल बेटावरील दलदलीच्या जंगलात लढाई केली. मायदेशी परतल्यावर त्यांची नेमणूक नव्याने उभ्या राहिलेल्या पाचव्या मरीन डिव्हिजनमध्ये, २८ व्या रेजिमेंटच्या ‘ई’ कंपनीत झाली. येथे ते एका लहान तुकडीचे प्रमुख होते. तुकडीतील बहुतेक मुले एकोणीस-वीस वर्षांची होती. पंचवीस वर्षांचे, प्रत्यक्ष लढाई पाहिलेले स्ट्रँक त्यांना वडीलधारे वाटत. जेम्स ब्रॅडली यांच्या पुस्तकातील वृत्तान्तानुसार, इवो जिमाच्या मोहिमेपूर्वी त्यांना बढती देऊ केली असता, या मुलांना सोडून जाणार नाही, असे सांगून त्यांनी ती नाकारली.

इवो जिमा आणि ध्वज

इवो जिमा हे अवघे २१ चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीय बेट. सुमारे २१,००० जपानी सैनिक तेथे भुयारांत दडून बसले होते. १९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकी सैन्य काळ्या राखेच्या किनाऱ्यावर उतरले. २३ फेब्रुवारीला सकाळी सुरिबाची पर्वताच्या माथ्यावर एक लहान ध्वज लावण्यात आला. तो साऱ्या बेटावरून दिसावा एवढा मोठा नव्हता, म्हणून दुसरा ध्वज पाठविण्यात आला. कॅप्टन सेव्हरन्स यांनी स्ट्रँक यांना हार्लन ब्लॉक, आयरा हेज आणि फ्रँकलिन सूसली या तिघांसह दूरध्वनीची तार टाकण्यासाठी वर धाडले होते. ध्वज उभारण्याचे काम त्यांच्याकडे ओघानेच आले. लोखंडी नळाला ध्वज बांधून तो उभा करताना असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी जे छायाचित्र टिपले, त्याला त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

या छायाचित्रात स्ट्रँक जवळजवळ दिसतच नाहीत. ते सूसली यांच्या पलीकडे असल्याने त्यांचा हात तेवढा दृष्टीस पडतो. सहा जणांची पहिली यादी सदोष होती. ब्लॉक यांच्या जागी दुसऱ्याच सैनिकाचे नाव लागले होते, ते १९४७ मध्ये दुरुस्त झाले. हॅरोल्ड शुल्ट्झ यांची ओळख २०१६ मध्ये, तर हॅरोल्ड केलर यांची २०१९ मध्ये पटली. ज्यांचा चेहरा मुळीच दिसत नाही, त्या स्ट्रँक यांचे नाव मात्र पहिल्यापासून आजवर यादीत कायम आहे.

मृत्यू

ध्वजाने लढाई संपली नाही. ती २६ मार्चपर्यंत चालली आणि तीत सुमारे ६,८०० अमेरिकी मारले गेले. १ मार्च रोजी बेटाच्या उत्तर भागाकडे सरकताना स्ट्रँक यांची तुकडी तीव्र गोळीबारात सापडली. आडोशाला बसून ते पुढील हालचालीचा आराखडा वाळूत रेखाटून दाखवीत असताना तोफगोळा येऊन फुटला आणि ते जागीच ठार झाले. हा गोळा बहुधा अमेरिकेच्याच युद्धनौकेवरून आलेला होता. तुकडीची सूत्रे ब्लॉक यांनी घेतली; काही तासांतच तेही मारले गेले. २१ मार्चला सूसली यांचा मृत्यू झाला. अशा रीतीने छायाचित्रातील सहांपैकी तिघे या बेटावरून परतले नाहीत. इकडे अमेरिकेत त्याच छायाचित्राच्या आधारे सातव्या युद्धकर्जाची मोहीम चालली आणि तीत २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमली.

स्ट्रँक यांना मरणोत्तर ब्राँझ स्टार हे पदक देण्यात आले. इवो जिमावरील युद्धदफनभूमीतून त्यांचे अवशेष नेऊन जानेवारी १९४९ मध्ये आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत पुरण्यात आले. तेथून जवळच, १० नोव्हेंबर १९५४ रोजी, छायाचित्रावर आधारलेल्या भव्य ब्राँझ शिल्पाचे अनावरण झाले. फेलिक्स डी वेल्डन हे त्याचे शिल्पकार. क्लिंट ईस्टवुड दिग्दर्शित ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ (२००६) या चित्रपटात स्ट्रँक यांची भूमिका बॅरी पेपर यांनी केली आहे.

नागरिकत्व

वडिलांना १९३५ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, तेव्हा अल्पवयीन मायकेलही कायद्याने नागरिक झाले होते. परंतु त्याचे प्रमाणपत्र त्यांना कधी दिले गेले नाही. स्लोव्हाकियातील अमेरिकी वकिलातीत नेमणुकीस असलेल्या एका मरीन सैनिकाच्या ही बाब लक्षात आली आणि त्याने पाठपुरावा केला. २९ जुलै २००८ रोजी, आर्लिंग्टन येथील त्याच शिल्पापाशी, स्ट्रँक यांच्या धाकट्या बहिणीकडे ते प्रमाणपत्र सुपूर्द करण्यात आले.