तरंगती थाळी, टेकलेली सुई

तबकडी ठेवलेली थाळी फिरते आहे आणि तिच्याखाली काहीच नाही. आस नाही, पट्टा नाही. पेटी आणि ही थाळी, म्हणजे प्लॅटर, यांच्यामध्ये नुसती फट, आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसते. स्लोव्हेनियातल्या मॅग-लेव्ह ऑडिओ कंपनीने २०१६ मध्ये किकस्टार्टरवर मांडलेलं एमएल-१ हे टर्नटेबल पाहून हात फटीत घालून बघावासा वाटतो.

हा सगळा खटाटोप घरघर घालवण्यासाठी. नेहमीच्या टर्नटेबलमध्ये प्लॅटरचा पोलादी दांडा तेलातल्या छऱ्यावर टेकून फिरतो. या घर्षणाची थरथर प्लॅटरमधून तबकडीत आणि तिथून सुईत शिरते. सुई किती हळवी? १००० हर्ट्झचा खणखणीत सूर तिला खाचेत जेमतेम ८ मायक्रॉन इकडे-तिकडे हलवतो. तोच सूर ६० डेसिबलने हळू झाला, तर ८ नॅनोमीटर. एवढीशी हालचाल हिऱ्याचं टोक टिपतं आणि आपल्याला ती ऐकू येते! आकडेमोड स्वतः केली तरी हे पचायला जड जातं.

मग दांडा-छऱ्याचं हे बेअरिंगच काढून टाका की. इथे सॅम्युएल अर्नशॉ आडवे येतात. या इंग्रज गणितज्ञाचा १८४२ चा सिद्धान्त सांगतो की नुसत्या कायम चुंबकांच्या जोरावर एखादी वस्तू हवेत स्थिर तोलता येत नाही. कुठल्यातरी एका दिशेला ती घसरतेच. म्हणून सेन्सर लागतात, विद्युतचुंबक लागतात, आणि प्लॅटर जरा सरकला की लगेच प्रवाह कमी-जास्त करणारं सर्किट लागतं. त्यात सुईचं २ ग्रॅम वजन सुरुवातीला मध्यापासून १४ सेंटिमीटरहून दूर असतं आणि शेवटच्या गाण्यापर्यंत ६ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे थाळी कलवणारा जोरही गाणं सरकेल तसा बदलत राहणार. आणि लाइट गेली तर? एमएल-१ मध्ये त्यासाठी राखीव वीज आहे: आधी सुई धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, वर उचलला जातो, मग खालून पाय बाहेर येऊन प्लॅटरला आधार देतात.

खरी गोम मात्र खाचेतच आहे. १९५८ पासून बाजारात रुळलेल्या स्टिरिओ तबकडीत सुईची आडवी हालचाल म्हणजे डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे त्यांची वजाबाकी. तरंगणारी थाळी सावरताना किंचित वर-खाली झाली, की सुईच्या लेखी तेही संगीतच. त्यातून सुईचा क्षीण संकेत मोठा करणारा प्रीॲम्प १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने वाढवतो, कारण तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो. हळूहळू होणारं डोलणं नेमकं या खालच्या टोकाला सापडतं.

दुसरी अडचण मला जास्त मजेशीर वाटते. सुई खाचेची हालचाल मोजते ती टोनआर्मच्या तुलनेत, आणि टोनआर्म तर पेटीवर ठोकलेला. पेटी हादरली आणि थाळी निवांत राहिली, तरी फरक पडलाच. तो स्पीकरमधून बाहेर येणार. नावेतल्या कागदावर काठावर बसून लिहावं, तशातली गत. टर्नटेबल घडवणाऱ्या एडगर विल्चर यांनी हे नीट ओळखलं होतं. १९६१ च्या ॲकॉस्टिक रिसर्च टर्नटेबलमध्ये त्यांनी प्लॅटर आणि टोनआर्म एकाच ताठ सांगाड्यावर बसवले आणि तो अख्खा सांगाडा स्प्रिंगांवर सोडला. हलायचं तर दोघांनी मिळून. फक्त थाळी तरंगवणं हे या शहाणपणाच्या उलट्या दिशेने जातं.

शिवाय सुई बसवलेल्या कार्ट्रिजच्या पोटातही चुंबक आणि तारेची वेटोळी असतात. खालचं चुंबकक्षेत्र वर पोचलं तर कार्ट्रिज खाली ओढलं जाईल, आणि बदलतं क्षेत्र गुणगुण म्हणून ऐकू येईल. त्यामुळे चुंबक सुईपासून दूर ठेवायचे किंवा झाकायचे, आणि दोन्हींत जाडी वाढते.

जर्मनीच्या क्लिअरऑडिओने मधला मार्ग काढला. वजन पेलतात एकमेकांना ढकलणारे चुंबक, आणि बाजूला घसरू न देण्याचं काम करतो सिरॅमिकचा दांडा. अर्नशॉंची अट तिथेच भागते, सर्किटची गरज उरत नाही. घर्षण पूर्ण जात नाही, पण भार पेलणारा छरा जातो. चुंबकांची उभी लवचीकता इथेही उरतेच, म्हणून थाळीचं वजन आणि चुंबकांचा ताठपणा असा जमवावा लागतो की तिचं डोलणं टोनआर्मच्या ८ ते १२ हर्ट्झच्या स्वतःच्या कंपनाशी जुळू नये. दिसायला हे एमएल-१ इतकं जादूचं नाही, पण कान लावून ऐकायचं असेल तर मी याच्याच बाजूने मत देईन.