जुनी फटफटी घेताना

मंडळी, बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मालक कोण, हे विचारतो. नुसत्या रंगावर भाळून कोणी बैल घेत नाही.

मग जुनी मोटारसायकल घेताना आपण नुसता रंग का पाहतो?

आमच्या आर्णीकडची जमीन काळी. पावसाळ्यात पांदण म्हणजे नुसता राबडा. साध्या गाडीच्या मडगार्डात ही चिकण माती अडकते, आणि चाक फिरेनासे होते. म्हणून हल्ली आमची पोरे डांबरी रस्त्यावरही चालणारी आणि वावरातही जाणारी उंच गाडी मागतात. नवी गाडी महाग, म्हणून जुनी पाहतात.

परवा शेजारचा पोरगा आला. म्हणाला, "गुरुजी, मले फटफटी घ्याची हाये. तुमी कागद पाहून द्या." कापसाचे पैसे त्याच्या खिशात होते. वर्षाची मेहनत ती! मी त्याला जे सांगितले, तेच तुम्हांला सांगतो.

गाडी कोणती?

उंच गाडीचे पुढचे मडगार्ड चाकापासून वर असते. त्यामुळे माती अडकत नाही. इंजिन जमिनीपासून उंच असते. दगडधोंड्यावर ते आपटत नाही. चाके तारांची असतात. ती धक्का सोसतात.

आपल्या देशात हिरो कंपनीने 2011 साली इम्पल्स नावाची अशी गाडी काढली. ती दीडशे सीसीची होती. आता ती बंद झाली आहे. त्याच कंपनीची एक्सपल्स 200 ही गाडी 2019 साली आली. तिचे पुढचे चाक 21 इंची आणि मागचे 18 इंची. जमिनीपासून उंची 220 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. रॉयल एनफील्डची हिमालयन 2016 साली आली. ती 411 सीसीची, दणकट खरी, पण फार जड. चिखलात पडली, तर एकट्याने उचलणे कठीण.

बंद झालेली गाडी स्वस्त मिळते. पण घेण्याआधी आर्णीच्या किंवा यवतमाळच्या दुकानात विचारा, "हिचे सामान मिळते का?" सामान नसेल, तर स्वस्त गाडी महाग पडते.

आणखी एक. गाडीवर बसून पाहा. पाय जमिनीला नीट टेकतात ना? ही गाडी उंच असते. मागे खताचे पोते असताना पाय टेकला नाही, तर गाडी आडवी होते.

गाडी कशी पाहावी?

सकाळी जा. उजेडात पाहा. विकणाऱ्याला आधीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर इंजिनला हात लावा. गरम लागले, तर समजा की काहीतरी झाकायचे आहे. थंड गाडी सहज चालू झाली पाहिजे.

मग धूर पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. हा खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसते, तिला भिऊ नका.

ऑइल पाहा. ते दुधासारखे पांढरट दिसले, तर इंजिनात पाणी गेले असावे. अरुणावतीला पाणी असताना कोणी त्यातून गाडी काढली असेल, तर काय सांगावे!

आता खाली वाका. ही गाडी दगडातून फिरलेली असते. इंजिनच्या पोटाला ठोका किंवा चीर आहे का? सांगाड्याला नवे वेल्डिंग आहे का? मग मागे उभे राहा. दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. न दिसल्यास गाडी पडलेली आहे. सांगाडा वाकला असेल, तर ती गाडी सोडा.

पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मध्येच अडकले, तर बेअरिंग गेले आहे. पुढच्या दांड्यांवर ऑइल ओघळलेले नको. चाकाच्या तारा एकेक वाजवून पाहा. बद्द आवाज आला, तर तार ढिली आहे. चाक फिरवा. ते डुलता कामा नये.

मागच्या चक्रावरची चेन बोटाने मागे ओढा. ती दातांपासून बरीच उचलली, तर झिजली आहे. चक्राचे दात विळ्याच्या टोकासारखे झाले असतील, तर चेन आणि चक्र दोन्ही बदलावे लागेल.

शेवटी गाडी चालवून पाहा. मागे माणूस बसवा. ब्रेक लावा. सगळे गेअर टाका. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. जे बदलावे लागेल त्याचा खर्च लिहून काढा, आणि तो किमतीतून वजा करून बोला.

कागद वाचा

इथे मी माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

मी माझी जुनी गाडी एका ओळखीच्या माणसाला विकली. त्याने कोरे फॉर्म पुढे केले. म्हणाला, "गुरुजी, इथे सही करा. नाव मी करून घेतो." मी सही केली. आयुष्यभर मुलांना "वाचून सही करा" म्हणून शिकवले, आणि स्वतः न वाचता सही केली! त्याने नाव बदललेच नाही. गाडी पुढे तिसऱ्याला गेली. विमा संपलेला होता. अपघात झाला, आणि एका माणसाचा पाय गेला. नोटीस माझ्या घरी आली. कारण कागदावर मालक मीच!

मी तीन वर्षे यवतमाळच्या खेपा घातल्या. पेन्शनचे पैसे गेले. पण त्या माणसाचा पाय काही परत आला नाही. ते मला आजही टोचते.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हेच सांगितले आहे. गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे, तोच कायद्याने मालक. नुसते विकून टाकल्याने जबाबदारी सुटत नाही.

म्हणून हे कागद पाहा. पहिला कागद आरसी, म्हणजे नोंदणीपत्र. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर खोदलेल्या नंबरांशी एकेक अक्षर लावून पाहा. चासी नंबर हँडलच्या मानेजवळ असतो. तो खरवडलेला दिसला, तर तिथून उठा.

आरसीवर बँकेचे नाव आहे का? सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसाच हा बोजा. बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

नोंदणी 15 वर्षांची असते. 2011 साली नोंदलेल्या गाडीची मुदत 2026 साली भरते. मग पुन्हा तपासणी आणि खर्च. विमा आणि पीयूसी चालू आहे का, दंड बाकी आहे का, हेही पाहा. परिवहनच्या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की बरीच माहिती दिसते.

आपल्या जिल्ह्याची गाडी एमएच-29. आदिलाबादकडची, म्हणजे परराज्यातली गाडी असेल, तर तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो.

नाव बदलायला फॉर्म 29 आणि फॉर्म 30 लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आणि करून घेऊही नका. पैसे दिल्याची पावती घ्या. तिच्यावर तारीख आणि वेळ लिहा.

शेजारच्या पोराने काय केले? त्याने आरसी हातात घेतली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. मग म्हणाला, "गुरुजी, इंजिन नंबरचा एक आकडा जुळत नाही."

मी पाहिले. खरेच जुळत नव्हता. गाडी दिसायला छान होती. पण तो उठला. कापसाचे पैसे खिशात तसेच राहिले.

दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. पण आता तुम्हांला वाचता येते. ज्याला वाचता येते, त्याला फसवणे सोपे नाही. मात्र त्याने वाचले पाहिजे.