देवलांची तार, खाँसाहेबांचा गळा

मार्च १९१६. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिचे सूत्रधार. गवई, दरबारी उस्ताद, शास्त्राचे अभ्यासक असा सगळा जाणकार मेळा जमला होता आणि त्यांच्यापुढे एक पेटी मांडली गेली. दिसायला हार्मोनियमच, पण सप्तकात नेहमीच्या १२ सुरांऐवजी २२ श्रुतींचा हिशेब धरून सूर बसवलेले. ती लंडनच्या मूर यांच्याकडून करवून घेतली होती ई. क्लेमेंट्स या आयसीएस न्यायाधीशाने, आणि तिच्यामागचं गणित होतं कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं. भरतमुनींपासून ज्या श्रुतींवर पंडितांचे वाद चालले, त्या आता मोजून सापडल्या आहेत, हा त्यांचा दावा होता.

पेटी उस्तादांच्या पसंतीस उतरली नाही.

गणित चुकलं होतं का? तिथूनच तपासायला हवं.

देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आयुष्यभर जमिनीची मोजणी, हद्दी, खुणा यांच्या सरकारी जगात वावरलेला माणूस. हद्दीचा वाद बोलून मिटत नाही, साखळी टाकावी लागते, हे अशा माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी सुरांवर साखळी टाकली. साधन अगदी साधं: स्वरमापक, म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेली तार, तिच्याखाली सरकती घोडी आणि शेजारी पट्टी. तार जितकी आखूड, तितका सूर उंच. दोन लांबींचं गुणोत्तर काढलं की दोन सुरांचं नातं आकड्यात हाती येतं.

समजा तार ९० सेंटीमीटरची आहे आणि मोकळी छेडल्यावर सा देते. घोडी ६० वर आणली की पंचम. ७२ वर शुद्ध गांधार. ऋषभापाशी मात्र घोटाळा होतो: ८० वरही ऋषभ लागतो आणि ८१ वरही. मधलं अंतर फक्त एक सेंटीमीटर, पण दोन्ही जागा गाण्यात येतात आणि कान दोघांना वेगळं ओळखतो. श्रुती म्हणतात ती ही. ज्याला पंडितांनी श्लोकांत शोधलं, ते पट्टीवर बोट ठेवून दाखवता येत होतं. पहिल्यांदा हे पाहताना देवलांच्या अंगावर रोमांच उभे राहिले असतील, असं मला आपलं वाटतं.

पण तार कोणाच्या सुराशी जुळवायची? इथे कथेत अब्दुल करीम खाँसाहेब येतात. किराणा घराण्याचा हा गवई सुरेलपणासाठी नावाजलेला. पुढे त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. बडे गवई सूर मोजण्याच्या खटाटोपाला हसून उडवून लावायचे. खाँसाहेब मात्र देवलांसमोर बसले. त्यांनी सूर लावायचा, देवलांनी घोडी सरकवत तार त्या सुराला मिळवायची आणि पट्टीवरचा आकडा टिपायचा. १९१० मध्ये देवलांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक पुण्यात छापलं गेलं. क्लेमेंट्सनी ते काम पुढे नेलं आणि १९१३ मध्ये आपला ग्रंथ लंडनला प्रसिद्ध केला. त्या पाठोपाठ पेटी.

आता त्या खोलीत पुन्हा डोकावून पाहा. खाँसाहेबांचा सूर आणि तार एक झाली, हे ठरवत कोण होतं? पट्टी नाही. ठरवत होता कान. पट्टीने फक्त कानाचा निकाल लिहून घेतला. ज्याला आपण ‘शास्त्रीय मापन’ म्हणून मिरवतो, त्याच्या तळाशी दोन माणसांचं ऐकणंच होतं. यात कमीपणा काही नाही. पण मापन विरुद्ध कान असा सामना लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

देवलांचं गणित पडताळायला बडोदा नको, पुणंही नको. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, शेगावपासून मेहकरपर्यंत, भजनी मंडळाची पेटी कुठेही मिळेल. पेटीची काळी चार घ्या, नाहीतर पांढरी एक. तो सा धरून तंबोरा नीट लावा. मोबाइलवरचाही चालेल. खर्जाची तार छेडून गप्प ऐकत राहिलात तर तिच्यातून एक गांधार आपोआप उमटतो. तो कोणी वाजवत नाही. तारेच्या पाचव्या स्वरांशाचा तो गांधार. सा २४० कंपनांचा धरला, तर खर्ज १२०चा, त्याची पाचपट ६००, म्हणजे मध्य सप्तकात ३००. आता त्याच्यावर पेटीचा गांधार दाबा. बाजारातली पेटी सप्तकाचे १२ सारखे भाग पाडून लावलेली असते. तिचा गांधार येतो ३०२.४ वर. दोन्ही आवाज एकमेकांवर डुलायला लागतात. पंचम मात्र ३६०च्या जागी ३५९.६, म्हणून तो खटकत नाही. पेटी दुरुस्त करणारा कारागीर सुराच्या पितळी जिभेचं टोक कानसीने किंचित घासतो, सूर चढतो. बुडाशी घासतो, उतरतो. दोन-अडीच कंपनांचा हा फरक त्याच्या हाताबाहेरचा मुळीच नाही. मग तो गांधार उतरवून का देत नाही? कारण मग पट्टी बदलली की तोच सूर दुसऱ्या गायकाचा पंचम किंवा ऋषभ होतो आणि बेसूर लागतो. सगळ्यांना थोडं थोडं दुखवून सगळ्यांचं चालवायचं, हा त्या १२ सारख्या भागांचा करार आहे.

म्हणजे देवलांचं निदान अचूक होतं. बाजारच्या पेटीचा गांधार चढा आहे हे त्यांचं म्हणणं आजचं कुठलंही यंत्र खरं ठरवेल. मग बडोद्यात घात कुठे झाला?

उत्तर यायला पुढे सत्तेचाळीस वर्षं गेली. १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी हिंदुस्थानी कलावंतांच्या सुरांचं इलेक्ट्रॉनिक मापन प्रसिद्ध केलं. इथे सूर जुळवायला माणसाचा कान नव्हता. निघालं काय? गांधार एका जागी बसतच नाही. दोन कलावंतांत तर नाहीच. एकाच कलावंताचा, एकाच सादरीकरणातलाही हलतो. देवलांनी टिपला तो खाँसाहेबांनी मुद्दाम स्थिर धरलेला सूर. मैफलीत तोच सूर वरून घसरत येतो, कधी जागेवर न थांबता पुढे निघतो. उस्तादांना पेटीत न सापडलेला होता तो हा प्रवास. २२ काय, २२० सूर भरले असते तरी खोक्याला हे घसरणं, ही मींड, आली नसती.

मापन विरुद्ध कान हे भांडण अँप्लिफायर आणि स्पीकर बांधणाऱ्यांत अजून पेटलेलं आहे. एक म्हणतो, मीटरवर विकृती नाममात्र आहे, संपलं. दुसरा म्हणतो, मला आवाज कोरडा वाटतो. माझं मत विचाराल तर दुसऱ्याचे डोळे बांधून आधी दोन्ही यंत्रं ऐकवावीत, कारण किंमत पाहून कान फार लवकर गोड होतो. आणि तरीही त्याने वेगळेपण ओळखलं, तर पहिल्याने मीटर बदलावा. तो भलतंच काही मोजत असणार.

पेटीचं पुढे काय झालं? १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केलं, ते सुमारे तीन दशकं. त्या बंदीला सुरांच्या हिशेबाइतकाच या मींड नसण्याचाही आधार होता. भजनी मंडळांनी आणि नाटकवाल्यांनी ती कधी मनावर घेतली नाही. देवलांचा ध्यास मात्र विझला नाही: आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम पुन्हा बांधली. देवलांचा निकाल मी असा देईन: शोध पक्का, वाद्य अपुरं. बडोद्याच्या उस्तादांनी वाद्य नाकारलं ते योग्यच केलं. त्याबरोबर शोधही अडगळीत गेला, ही चूक झाली.