जुना पार्ट दाखवा, दादा!

मागच्या महिन्यात गाडी नेहमीच्या गॅरेजला सर्व्हिसिंगला दिली. बिलात पुढचे ब्रेक पॅड नवीन टाकल्याचे 2200 रुपये लावलेले. पण घरी येईपर्यंत ब्रेक करकरतच होते. दुसऱ्या मेकॅनिकने चाक खोलून दाखवलं, तर पॅड जुनेच, पार झिजलेले! पोटात गोळाच आला. याच गाडीतून मी सासूबाईंना दवाखान्यात नेते.

बिल आणि पॅडचा फोटो घेऊन गॅरेज गाठलं. मालक म्हणाले, ''ताई, तुम्हाला त्यातलं कळणार नाही, साहेबांना पाठवा.'' म्हटलं, ''गाडीतलं कळत नसेल, पण बिल वाचता येतं!'' 1915 या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले.

मैत्रिणींनो, ओळखीपोटी आपण विचारायलाच संकोचतो. पण कामाआधी अंदाजे खर्च लिहून घ्या, पक्कं बिल घ्या, बदललेला जुना पार्ट मागा. दाद मिळाली नाही, तर 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही.

विश्वास जरूर ठेवावा. पण जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणावा!