जंगल सर्वांचे, वर्गणी झोपडीवाल्याची?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही जातो ते कान्हेरी लेण्यांना वंदन करण्यासाठी. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपाऱ्याच्या उपासकांनी लेण्यांना आणि पाण्याच्या टाक्यांना दिलेले दान कोरलेले आहे. कोणी दिले, कशासाठी दिले, सारे दगडावर! लोकांच्या पैशाचा तो जाहीर हिशेबच होय.

आजचा हिशेब मात्र उलटा आहे. याच उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध 1995 साली दाखल झालेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 7 मे 1997 रोजी आदेश दिला. 1 जानेवारी 1995 पूर्वीच्या झोपडीधारकांना पर्यायी जागा मिळणार, पण त्यासाठी प्रत्येकी 7 हजार रुपये भरायचे! नाक्यावर उभे राहून रोजी कमावणाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन ते भरले. दरम्यान हजारो घरांवर बुलडोझर फिरला.

जंगल वाचलेच पाहिजे. विहार आणि तुळशी तलाव त्याच्याच कुशीत आहेत. वने व वन्यजीवांचे रक्षण करण्याची जबाबदारी घटनेच्या कलम 48 अ ने राज्यावर टाकली आहे. मग न्यायालयाचा पूर्ण आदर राखून आम्ही विचारतो, राज्याच्या जबाबदारीची वर्गणी झोपडीवाल्याने का भरावी?

आणि शासनाचा पैसा कोठे जातो? विहार-पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी पाहा. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर तिच्यावर कोट्यवधी रुपये खर्ची पडले. 2025 साली गाळ काढण्याच्या कंत्राटांत 65 कोटींहून अधिक रकमेच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. परंतु झोपडीवाल्याचे 7 हजार पै-पैसह मोजून घेणाऱ्या व्यवस्थेला गाळ मोजता येऊ नये?

निसर्गासाठी सरकारी पैसा हवाच, किंबहुना अधिक हवा. पण रोपवाटिका, वणवा रोखणे, जंगलाची राखण ही कामे आधी पाड्यांवरच्या वारली, मल्हार कोळी बांधवांना मिळावीत. त्यांना झाड न् झाड ठाऊक आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांचे हक्कही मान्य केले आहेत.

बंधू-भगिनींनो, माहिती अधिकार कायदा 2005 चे कलम 4 सांगते की, असा खर्च मागण्याआधीच जाहीर झाला पाहिजे. तो होत नसेल तर मागा! पुढच्या वेळी कान्हेरीहून उतरताना वनखात्याच्या कार्यालयात एक अर्ज देऊन या. आपल्या पूर्वजांनी हिशेब दगडावर कोरला. आपल्याला तो निदान कागदावर तरी मिळालाच पाहिजे.