थेंबभर जीव

२००४ सालचा उन्हाळा. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या विद्यापीठात 'इव्हो' नावाची व्हिडिओ गेमची स्पर्धा चालू होती. खेळ 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, त्याचा लढवय्या केन. समोर न्यूयॉर्कचा जस्टिन वाँग, त्याची चुन-ली. जो हरेल तो स्पर्धेतून बाहेर, जिंकेल तो अंतिम सामन्यात.

केनच्या लाइफची पट्टी संपल्यात जमा होती. उरला होता तो थेंबभर जीव. या खेळात साधी लाथ अडवली तर काही बिघडत नाही. पण ठेवणीतला हल्ला अडवला, तरी पट्टी थोडी झिजते. केनकडे झिजायलाही काही शिल्लक नव्हतं. जस्टिनला हे दिसत होतं. त्याने चुन-लीचा पंधरा लाथांचा हल्ला सोडला. मारणं राहू द्या, केनने नुसती अडवली असती तरी पहिल्याच लाथेला खेळ संपला असता.

सुटकेची वाट एकच, तिला खेळाडू 'पॅरी' म्हणतात. मार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलायची. मागे नाही, पुढे. वेळ जमली तर मार पूर्ण वाया जातो, पट्टी जराही झिजत नाही. चुकली तर मात्र आपण अडवतही नसतो, मार सरळ अंगावर. हे एकदा जमणं कौशल्याचं. इथे पंधरा वेळा हवं होतं, आणि पहिल्या लाथेसाठी तर हल्ला पडद्यावर नीट दिसायच्या आत अंदाजाने जॉयस्टिक ढकलायची होती. दाइगोने ढकलली. मग एकामागून एक लाथा परतवल्या, शेवटची हवेत उडी मारून परतवली, खाली येता येता उलटा हल्ला चढवला आणि चुन-लीला आडवं केलं. त्या वेळच्या चित्रफितीत चित्रापेक्षा आवाज ऐकण्यासारखा आहे. लाथा चालू असतानाच माणसं ओरडायला लागतात आणि शेवटी खेळाचा आवाज त्यात बुडून जातो. पुढे कुणीतरी या प्रसंगाला 'मोमेंट ३७' असं नाव दिलं. आकडा उगाच घेतलेला. आधीचे छत्तीस प्रसंग कुठे आहेत हे शोधायला जाऊ नका.

व्हिडिओ गेममधला सर्वांत थरारक अनुभव कोणता, असं विचारलं की लोक चित्रांबद्दल बोलायला लागतात. रक्त किती खरं वाटतं, स्फोट किती मोठा होतो. मला ते पटत नाही. पोमोनातली ती दोन माणसं जाड रेषांची, कार्टूनसारखी होती. थरार त्या उरलेल्या थेंबात होता. हातात गमावण्यासारखं काय आहे आणि ते वाचवायला वेळ किती आहे, या दोन गोष्टींचं गणित जिथे सर्वांत घट्ट बसतं, तिथे घशाला कोरड पडते. आणि हे गणित पहिल्यांदा नीट जुळलं ते चक्क यंत्राच्या दुबळेपणामुळे.

१९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, म्हणजे पंचावन्न शत्रू. ते बाजूला सरकत सरकत एकेक पायरी खाली येतात. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर. तो बिचारा एका फ्रेममध्ये एकाच शत्रूला हलवू शके. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर पंचावन्न जणांना एकेक पाऊल टाकायला जवळजवळ पूर्ण सेकंद जाई. तुम्ही शत्रू मारत गेलात की यंत्राचं ओझं कमी होई आणि उरलेले भराभर चालू लागत. शेवटचा एकटा उरला की तो अक्षरशः पळत सुटे. निशिकादोंनी हे मुद्दाम योजलं नव्हतं. पण खेळून पाहिल्यावर त्यांनी ते तसंच ठेवलं, कारण खेळ रंगत होता. त्यावर चार उतरत्या सुरांची ठेक्यासारखी धून, तीही शत्रूंबरोबर वेग घेणारी. तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितका खेळ तुमच्यावर उलटतो. आणि पंचावन्नही संपवले तर? नवे पंचावन्न येतात. या खेळात जिंकणं नाहीच.

दोन वर्षांनी अटारी कंपनीच्या डेव्ह थ्यूरर यांनी हीच गोष्ट जास्त कडवटपणे सांगितली. १९८० सालचा 'मिसाइल कमांड'. जमिनीवर सहा शहरं, तीन क्षेपणास्त्र तळ, प्रत्येक तळावर मोजकी दहा अस्त्रं. वरून रेषा ओढत अण्वस्त्रं येतात, तुम्ही हाताखालचा गोळा फिरवून आकाशात नेम धरायचा. शीतयुद्धाचे दिवस होते. सुरुवातीला या सहा शहरांना कॅलिफोर्नियातल्या खऱ्या शहरांची नावं होती, नंतर ती काढून टाकली. एका क्षणी कळतं की सहाही शहरं वाचणार नाहीत. मग कुठलं सोडायचं हे ठरवावं लागतं, तेही अर्ध्या सेकंदात. शेवटचं शहर गेलं की पडद्यावर नेहमीचं 'गेम ओव्हर' येत नाही. मोठ्ठा स्फोट होतो आणि त्यात 'द एंड' अशी अक्षरं उमटतात. हा खेळ करताना थ्यूरर यांना अणुहल्ल्याची स्वप्नं पडून जाग येई. त्यांचा पुढचा खेळ, 'टेम्पेस्ट', हाही एका दुःस्वप्नातूनच निघाला: जमिनीतल्या भोकातून राक्षस वर येताहेत. या माणसाच्या झोपेवर अटारीने बरेच पैसे कमावले म्हणायचे.

आमच्याकडे हे सगळं बरंच उशिरा आणि फिरून फिरून आलं. नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याची शेड, चार मशिनी, आत घामाचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास. रुपयाला एक कॉइन. गर्दी 'मुस्तफा'वर. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. पण पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफाच्या नावाने तो देशभरातल्या पोरांना माहीत होता. खेळणारा एक आणि मागे उभे सात. पहिल्या दोन लाइफला सगळे सल्ले देत. 'बॉटल उचल', 'मागे बघ मागे', 'उडी मारून लाथ घाल'. शेवटची लाइफ सुरू झाली की सगळं दुकान गप्प. ज्याच्या खिशात दुसरा रुपया नाही त्याची शेवटची लाइफ बघण्यात जी मजा होती, ती श्रीमंत पोराच्या खेळात नव्हती. तो मेला की पुढचं कॉइन टाकून तिथूनच उठे. त्याच्या मरण्याला किंमत नव्हती, म्हणून त्याच्या जगण्याकडेही कुणी फारसं बघत नसे.

त्या यंत्रांच्या पोटात छोटे स्विच असत. एका कॉइनला लाइफ किती, खेळ किती अवघड, हे दुकानदार त्यावरून ठरवू शके. आमचा दुकानदार सुट्टीत लाइफ कमी करतो असा आमचा ठाम संशय होता. खरं-खोटं देव जाणे, पण थराराचं अर्थशास्त्र आम्हाला तिथे कळलं. तुम्ही लवकर मरावं ही धंद्याची गरज, आणि मरताना 'थोडक्यात राहिलं' असं वाटावं ही त्याहून मोठी.

धंदा जराही मनात नसताना जन्मलेला खेळ म्हणजे टेट्रिस. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये तो केला. वरून चौकोनांचे तुकडे पडतात, ते बसवून आडवी ओळ भरली की ओळ नाहीशी होते. शत्रू नाही, रक्त नाही, गोष्ट नाही. तरीही गेल्या काही वर्षांत माणसाच्या बोटांची आणि मेंदूची सर्वांत कडक परीक्षा कुठे झाली असेल, तर या खेळाच्या १९८९ सालच्या निन्टेन्डो आवृत्तीत.

इथे आकडे बघण्यासारखे आहेत. या आवृत्तीत एकोणतिसाव्या पातळीला तुकडा दर फ्रेमला एक घर खाली येतो. उंची वीस घरं. म्हणजे वरून खाली यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. डोळ्याने पाहून बोट हलवायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. उरलं किती? बाजूचं बटण दाबून धरलं तर तुकडा सेकंदाला दहा घरं सरकतो, म्हणजे तळाला पोचेपर्यंत जेमतेम तीन. कडेपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून वर्षानुवर्षं ही पातळी म्हणजे खेळाचा शेवट असं सगळे धरून चालले होते.

मग बोटांनी युक्ती काढली. बटण दाबून धरायचं नाही, थरथरत्या बोटाने टकटक मारत राहायचं. २०१८ मध्ये पोर्टलंडच्या जागतिक स्पर्धेत सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीने याच पद्धतीने जोनास नॉयबॉयरला हरवलं. नॉयबॉयर सात वेळचा विजेता, आणि हरल्यावरही पोराच्या पाठीवर हात ठेवणारा माणूस. २०२१ च्या जानेवारीत तो अकाली गेला. टकटकीच्या पुढची पायरी म्हणजे 'रोलिंग'. ते पाहिलं की आपल्याकडच्या माणसाला तबलाच आठवेल. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची. प्रत्येक बोटाच्या ठोक्याला बटणच अंगठ्यावर येऊन आपटतं. सेकंदाला वीसच्या आसपास ठोके निघतात. तालात सम चुकली तर पुढच्या आवर्तनात सावरता येते, इथे तेवढी उसंत नाही.

२१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला तेरा वर्षांचा विलिस गिब्सन सुमारे अडतीस मिनिटं असा खेळत राहिला आणि १५७ व्या पातळीवर खेळच गोठला. आतली जुनी आज्ञावली इतक्या पुढच्या पातळीचा हिशेब ठेवायला केलेलीच नव्हती. माणूस थकण्याआधी यंत्र थकलं. खुर्चीत मागे कोसळून तो पोरगा म्हणाला की मला माझी बोटंच जाणवत नाहीयेत. त्याच महिन्यात त्याचे वडील गेले होते. हा खेळ त्याने त्यांना अर्पण केला.

आधुनिक खेळांनी या थराराचं मोजमाप सुरू केलं. २००८ साली व्हॉल्व कंपनीने काढलेला 'लेफ्ट फोर डेड' घ्या. चार जण, आणि त्यांच्यावर तुटून पडणारी प्रेतांची झुंड. आत 'डायरेक्टर' नावाची एक व्यवस्था बसलेली असते. ती प्रत्येक खेळाडूवर किती ताण आला आहे त्याचा आकडा ठेवते. मार बसला की आकडा वाढतो, प्रेत अगदी जवळ येऊन मेलं तरी वाढतो. आकडा टोकाला गेला की डायरेक्टर झुंड पाठवणं थांबवतो आणि साधारण अर्धा-पाऊण मिनिट श्वास घेऊ देतो. मग पुन्हा. आपले कीर्तनकार हे फार आधीपासून जाणतात. निरूपण ताणत नेलं की मध्येच एक गजर हवा. सतत आरडाओरडा करणारे खेळ दहाव्या मिनिटाला कंटाळवाणे का होतात, त्याचं उत्तर याच विश्रांतीत आहे.

२०१४ चा 'एलियन: आयसोलेशन' हे गणित अधिक क्रूरपणे मांडतो. अवकाशस्थानकावर तुम्ही एकटे, आणि एक जनावर तुम्हाला शोधतंय. त्याला मारता येत नाही, फक्त लपता येतं. इथे दोन मेंदू आहेत. एकाला तुमचा ठावठिकाणा कायम माहीत असतो, पण तो जनावराला फक्त इशारे देतो. जनावर स्वतः डोळे-कान वापरून शोधतं. म्हणून ते जवळपास घुटमळतं, पण फसवणूक वाटत नाही. आणि इथवरचा खेळ जपून ठेवायचा असेल तर भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून उभं राहायचं, एकेक दिवा लागेपर्यंत. त्या दोन-तीन सेकंदांत मागून खुडखुड ऐकू आली तर अर्ध्या तासाची कमाई पणाला लागलेली असते. काही यंत्रांवर तर खोलीतला तुमचा खोकलाही माइकमधून जनावराला ऐकू जाई. माझ्या ओळखीतल्या एकाने हा खेळ खेळताना घरातला पंखा बंद केला होता.

सध्या गावोगावच्या कट्ट्यांवर जे दिसतं ते याच घराण्यातलं. पबजी २०१७ ला आला, मोबाइलवर २०१८ ला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी तो बीजीएमआय होऊन परतला. शंभर जण बेटावर उतरतात, वर्तुळ आवळत जातं, शेवटी एक टिकतो. चार पोरं एकाच हॉटस्पॉटवर बसलेली असतात. 'नॉक झालो रे, रिव्हाइव्ह दे', 'झोन येतोय, पळ'. शेवटच्या वर्तुळात मात्र कुणी बोलत नाही. सगळे गवतात पालथे पडलेले, गोळी झाडली तर जागा कळणार. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरं मोबाइलमध्ये नुसती बघत बसली आहेत. त्या वेळी त्यांची नाडी धरून बघा.

नव्व्याण्णव जण हरतात, एक जिंकतो, आणि मिनिटाभरात सगळे पुन्हा विमानात बसतात. स्पेस इन्व्हेडर्सला शेवट नाही, मिसाइल कमांडमध्ये शहरं जाणारच, टेट्रिसमध्ये यंत्र गोठलं तोच विजय. पोमोनातली ती पंधरा लाथांची चित्रफीत वीस वर्षांनंतरही पाहिली जाते, पण त्या वर्षीची स्पर्धा दाइगो जिंकला नाही. अंतिम सामन्यात केंजी ओबाताने त्याला हरवलं.