घरचा कॅमेरा वाय-फायला जोडताना

बडोद्यातल्या आपल्या बऱ्याच घरांत सध्या एकच चित्र दिसते. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या घरात आई-बाबा दोघेच. मग दिवाळीच्या सुट्टीत मुले येतात, एक वाय-फाय कॅमेरा आणतात आणि तो जोडण्यातच अर्धी सुट्टी जाते. नात्यातल्या, शेजारच्या पाच-सहा घरांत मी हे काम केले आहे. त्यातून कळलेल्या गोष्टी इथे देतो.

पहिली गोष्ट, कॅमेरा आधीच भिंतीवर ठोकू नका. राउटरशेजारी टेबलावर ठेवून जोडा, चित्र दिसू लागले की मग जागेवर न्या. जोडणी अडते ती बहुतेक वेळा बँडवर. आजचे राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड देतात, पण घरगुती कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ फक्त 2.4 वर चालतात. दोन्हींचे नाव एकच असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नावे वेगळी करा, किंवा जोडणीपुरता 5 चा बँड बंद ठेवा. फोनही 2.4 वरच जोडा आणि ॲपला लोकेशनची परवानगी द्या. मग फोनवर येणारा क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरा. तरीही जमले नाही, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-3 वर ठेवलेली नाही ना, ते पाहा. जुन्या कॅमेऱ्यांना डब्ल्यूपीए-2 लागते.

2.4 चा बँड भिंतींतून जास्त लांब जातो. पण जुन्या घरांच्या हातभर जाड भिंतींपुढे तोही थकतो. दोन भिंतींपलीकडे दिंडीदरवाजा असेल, तर मध्ये एक्स्टेंडर लावावा लागतो. वीज जाते तेव्हा राउटर बंद पडून कॅमेरा मुका होतो, म्हणून राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असू द्या. नेट गेले तरी वीज असेपर्यंत रेकॉर्डिंग चालू राहते. आणि वाय-फायचा पासवर्ड बदलला की कॅमेरा पुन्हा जोडावा लागतो, हे आई-बाबांना सांगून ठेवा. नाहीतर केबलवाला पासवर्ड बदलून जातो आणि आपण तिकडे काळजीत पडतो.

पासवर्डवरून आठवले. 2016 साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती: कंपनीने दिलेली साठ-एक ठरावीक नावे आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे. त्याच कॅमेऱ्यांच्या जोरावर 21 ऑक्टोबर 2016 रोजी अमेरिकेतल्या ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिकडे काही तास अडखळल्या. लोकांनी घर राखायला लावलेले कॅमेरे दुसऱ्याच्या कामाला लागले होते. म्हणून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, ॲपला ओटीपीची दुहेरी कडी घाला, फर्मवेअर अपडेट टाळू नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर कॅमेरा त्यावर ठेवा, म्हणजे घरचा लॅपटॉप वेगळा राहतो.

सेटिंगमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र घरातच ठरवावी लागते. एका काकूंच्या दिवाणखान्यात मुलाने कॅमेरा लावला. काकू म्हणाल्या, “अरे, मी घरात गाऊनवर असते, पाय पसरून बसते. तू बघतोस का रे सारखा?” मुलाला उत्तर सुचेना. शेवटी कॅमेरा दरवाज्याकडे वळवला, ॲपमध्ये आवाजाचे रेकॉर्डिंग बंद केले आणि प्लग काकूंच्या हाताशी आणला. त्यांना वाटेल तेव्हा त्या तो काढतात. बंद दिसला की मुलगा फोन करतो, आणि दोघांचे बोलणे आता आधीपेक्षा जास्त होते.

तेव्हा बॉक्स उघडण्याआधी आई-बाबांना विचारा: कुठे लावू, आणि कोणाकोणाला दिसू दे?